पाईप घडवा, नाव मात्र पेटीत राहू द्या

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात लाकूडकामाची लहानशी कार्यशाळा चालवतो आणि काही वर्षांपासून तंबाखू ओढायचे पाईपही हाताने घडवतो. मध्यंतरी पोर्तुगालहून आलेल्या एका गृहस्थांनी ब्रायर या पाईपसाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडाचा एक उत्तम ठोकळा माझ्या हाती दिला. त्यांचे वडील 1961 साली गोव्यात पोर्तुगीज सैनिक होते. डिसेंबरात ते युद्धकैदी झाले, फोंड्याच्या छावणीत राहिले आणि पुढच्या वर्षी सुखरूप घरी पोहोचले. शेवटचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली नसती तर आपला जन्मच झाला नसता, असे हे गृहस्थ सांगतात आणि म्हणून हा पाईप त्या गव्हर्नरला अर्पण करावा, त्याच्या चांदीच्या कड्यावर त्यांचे नाव आणि 19-12-1961 ही तारीख कोरावी, अशी त्यांची इच्छा आहे. ती हकीकत ऐकून मलाही हे अर्पण मनापासून करावेसे वाटू लागले. जानेवारीत पणजीच्या लोकोत्सवात पाईप मांडण्याचाही विचार आहे. परंतु माझे थोरले काका, वय 86, हे स्वातंत्र्यसैनिक आहेत आणि याच गव्हर्नरच्या कारकिर्दीत आग्वादच्या तुरुंगात होते. माझ्या भावाकडून त्यांच्या कानावर ही गोष्ट अर्धवट गेली आणि “पाखल्याच्या (पोर्तुगीजाच्या) नावाची वस्तू या घरात घडणार नाही” एवढेच बोलून ते गप्प झाले. मी काय करावे?

उत्तर : स. न. वि. वि.

आपण काम नाकारू नये, पाईप अवश्य घडवावा, परंतु त्या पाईपवर ना नाव कोरावे ना तारीख; अर्पणाचा मजकूर कारणासह, पूर्ण वाक्यांत, पाईपच्या पेटीत पितळी पाटीवर ठेवावा; आणि चांदीला किंवा पितळेला हत्यार लावण्याआधी तो मजकूर काकांना स्वतः वाचून दाखवावा, असे माझे मत आहे. आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले आणि प्रत्येक वेळी याच ठिकाणी येऊन थांबले. या मतामागची कारणे सविस्तर सांगते, कारण उद्या आपल्याला ती गिऱ्हाइकालाही सांगावी लागतील आणि काकांनाही.

प्रथम गिऱ्हाइकाची बाजू. ती भावनेपुरती नाही, तिला इतिहासाचा भक्कम आधार आहे. मानुएल आंतोनियो व्हासालो इ सिल्वा हे पोर्तुगीज सेनेतील अभियंता अधिकारी. 1958 साली ते गोव्याचे गव्हर्नर जनरल झाले. 14 डिसेंबर 1961 रोजी लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने त्यांना जो संदेश पाठवला, त्याचा आशय असा होता की तह होईल किंवा पोर्तुगीज सैनिक कैदी होतील ही शक्यता आपल्याला दिसत नाही. सैनिक आणि खलाशी एकतर विजयी ठरतील किंवा मरतील. निदान आठ दिवस तरी लढत राहावे, म्हणजे तेवढ्यात जगाला मध्ये पडायला भाग पाडता येईल, असा त्या राजवटीचा हिशेब होता. या हिशेबात सुमारे साडेतीन हजार सैनिकांचे प्राण खर्ची पडणार होते, आणि ते लढणार होते ते रिकाम्या माळावर नव्हे, तर पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को अशा माणसांनी भरलेल्या गावांतून. त्यांच्याजवळ लढाऊ विमाने नव्हती आणि समोर कित्येक पटींनी मोठे भारतीय सैन्य उभे होते. 17 डिसेंबरच्या रात्री कारवाईला तोंड फुटले, 19 तारखेच्या सकाळी ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या छत्रीधारी ब्रिगेडचे जवान पणजीत शिरले आणि त्याच रात्री वास्कोला गव्हर्नरांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक कैदी झाले. फोंड्याला जशी छावणी होती तशीच नावेलीलाही होती. आग्वादलाही हे कैदी ठेवले होते. मे 1962 मध्ये ते कराचीमार्गे मायदेशी निघाले.

घरी पोहोचल्यावर या माणसांचे स्वागत कसे झाले, हे आपल्या गिऱ्हाइकाने बहुधा वडिलांच्या तोंडून ऐकलेले असेल. जहाजांतून उतरणाऱ्या सैनिकांना लष्करी पोलिसांनी बंदुका रोखून ताब्यात घेतले. गव्हर्नरांवर आणि इतर काही अधिकाऱ्यांवर भ्याडपणाचा ठपका ठेवण्यात आला आणि मार्च 1963 मध्ये व्हासालो इ सिल्वा यांना सेनेतून काढून टाकण्यात आले. 1974 साली ती राजवट कोसळल्यावरच त्यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. पुढे ते गोव्यात येऊन गेले आणि इथल्या लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. वरिष्ठांचा आदेश मोडून त्याची किंमत स्वतःच्या अब्रूने मोजणे ही कोणत्याही सैनिकाच्या आयुष्यातली लहान गोष्ट नाही. ज्या मुलाचा जन्म त्या आज्ञाभंगामुळे होऊ शकला, त्याने कृतज्ञ राहावे हे मला पूर्ण पटते, आणि त्याच्या कृतज्ञतेला वस्तूचे रूप देणाऱ्या आपल्या हातांत मला कसलाच दोष दिसत नाही.

मात्र या कृतज्ञतेला मर्यादा आहे आणि ती मजकुरात राखणे हे आपले काम आहे. आपल्या पत्राच्या शेवटी कड्यावरच्या मजकुराचा जो नमुना आपण जोडला आहे, त्यात “गोव्याचा तारणहार” असे शब्द आहेत. ते तेवढे काढून टाका. गव्हर्नरांनी वाचवली ती प्रामुख्याने त्यांच्या हाताखालच्या सैनिकांची आयुष्ये, आणि त्यांच्या निर्णयामुळे गोव्यातील गावेही मोठ्या विध्वंसातून वाचली. इतके म्हणणे रास्त आहे. परंतु मागे हटताना पोर्तुगीज सैन्याने पूल उडवले; मुरगावच्या बंदरात ‘आफोंसो द अल्बुकेर्क’ ही युद्धनौका लढली आणि तिचा कप्तान गंभीर जखमी झाला; अंजदीव बेटावर भारतीय नौदलाचे तरुण खलाशी मारले गेले. त्या दोन दिवसांत भारताचे 22 आणि पोर्तुगालचे 30 जण कामी आले. ज्यांच्या घरी 19 डिसेंबरनंतर कोणी परतले नाही, त्यांना ‘तारणहार’ हे शब्द कसे वाटतील, याचा विचार मजकूर लिहिणाऱ्याने करायलाच हवा. शिवाय गोवा पोर्तुगीज सत्तेतून सुटला तो त्या सत्तेच्या प्रतिनिधीने सही केली म्हणून नव्हे. 18 जून 1946 रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली तेव्हापासून, आणि खरे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, ज्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, सीमेवर गोळ्या झेलल्या, त्यांच्या कष्टाचे ते फळ होते. आपले काका त्यांच्यापैकी आहेत.

आता काकांच्या बाजूकडे येते आणि इथे मला थोडे जास्त थांबायचे आहे, कारण आपल्या पत्रात गिऱ्हाइकाच्या वडिलांविषयी पानभर मजकूर आहे आणि काकांविषयी जेमतेम चार ओळी आहेत.

न्यायाने बोलायचे तर काही गोष्टी या गव्हर्नरच्या नावावर टाकता येत नाहीत. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवी आणि इतर ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तेव्हा ते गव्हर्नर नव्हते. परंतु 1958 पासून 1961 च्या डिसेंबरपर्यंत गोव्यात जे जे घडले, त्याची जबाबदारी गव्हर्नर जनरल या नात्याने त्यांच्याकडेच जाते. आग्वादच्या कोठड्या त्यांच्या कारकिर्दीत भरलेल्या होत्या. छापून येणाऱ्या प्रत्येक अक्षरावर सेन्सॉरची नजर होती, सभा घेण्याची बंदी होती, आणि सालाझारच्या राजवटीचे गुप्त पोलीस इथल्या घरांची दारे रात्री-अपरात्री ठोठावत होते. एखाद्या माणसाने शेवटच्या दोन दिवसांत एक मोठा निर्णय योग्य घेतला म्हणून त्याआधीच्या तीन वर्षांचा जाब संपत नाही. काकांनी त्या तीन वर्षांतला काही काळ भिंतीच्या आतून पाहिला आहे. आपण आणि मी तो फक्त वाचलेला आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती कुणी बोलून दाखवत नाही, पण काकांच्या पिढीतल्या पुष्कळांच्या मनात ती असते. शरणागतीनंतर पोर्तुगीज सैनिक पाच महिन्यांत घरच्या वाटेला लागले. गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या मोहन रानडे यांना मात्र 1955 साली पकडले होते, पोर्तुगालच्या तुरुंगात नेले होते, आणि गोवा मुक्त झाल्यावरही ते तिथेच अडकून राहिले. त्यांची सुटका झाली जानेवारी 1969 मध्ये. डॉ. तेलो माश्कारेन्यश यांना तर त्याहूनही पुढे, 1970 पर्यंत वाट पाहावी लागली. हा दोष व्हासालो इ सिल्वा यांचा नव्हता, कारण त्या काळात ते स्वतःच बडतर्फ होऊन अपमानात दिवस काढत होते. तरीही ज्याचे सोबती दूरच्या तुरुंगात खितपत पडले होते, त्या माणसासमोर ‘सुखरूप घरी पोहोचलेल्या’ सैनिकाची गोष्ट कृतज्ञतेने मांडली जाते, तेव्हा त्याच्या मनात काय उठत असेल हे समजून घ्यायला फार मोठ्या कल्पनाशक्तीची गरज नाही. काका गप्प झाले याला हट्ट समजू नका.

मग काकांचा शब्द अखेरचा मानून काम सोडून द्यावे का? मला तसे वाटत नाही. घर काकांचेही आहे, पण कार्यशाळा आपली आहे आणि आपण कोणती वस्तू घडवावी हे ठरवण्याचा हक्क आपलाच आहे. ज्या स्वातंत्र्यासाठी काका तुरुंगात गेले त्यात माणसाने स्वतःच्या बुद्धीने बोलण्याचे, लिहिण्याचे आणि एखाद्या जुन्या शत्रूविषयीही चांगले म्हणण्याचे स्वातंत्र्य आलेच. मी हे काकांना उत्तर म्हणून सुनवा असे सांगत नाही. आपल्या मनातली अपराधी भावना कमी व्हावी एवढ्यासाठी लिहिते. काकांचा अधिकार नकाराचा नसला तरी तो दुसऱ्या एका गोष्टीचा नक्कीच आहे : त्यांच्या पुतण्याच्या हातून जो मजकूर बाहेर जाईल, त्यात त्यांचा तुरुंग पुसला जाऊ नये.

हे कसे साधायचे, याचे उत्तर मला आपल्या कारागिरीतच दिसते. पाईपच्या दांडीवर बसणारे चांदीचे कडे किती रुंद असते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. जेमतेम बोटाच्या नखाएवढ्या त्या पट्टीवर एक नाव आणि एक तारीख मावते. कारण मावत नाही. आणि या माणसाच्या बाबतीत कारण वगळले की उरते ती फक्त एका वसाहतवादी सत्तेच्या शेवटच्या प्रतिनिधीची भलावण. ब्रायरच्या वाटीवर मजकूर कोरावा म्हटले तर तेही योग्य नाही. खोल कोरल्याने भिंत पातळ होते, पातळ जागी उष्णता साठते आणि पुढे कधीतरी तिथेच लाकूड जळून भोक पडते. भूमध्य समुद्राच्या काठच्या एरिका झुडपाच्या मुळाशी कित्येक वर्षे वाढलेली गाठ, मग ती तासन्‌तास उकळून सावकाश वाळवलेली, असा तो ठोकळा आपल्या हाती आला आहे; त्याचे सौंदर्य त्याच्या रेषांत आहे, अक्षरांची त्याला गरज नाही. तेव्हा कडे साधे ठेवा, त्यावर आपली कारागिराची खूण आणि घडवल्याचे साल तेवढे राहू द्या.

पाईपवर नाव नको म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. ओल्ड गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात गोवा जिंकून घेणाऱ्या अल्बुकेर्कचा ब्राँझचा पुतळा आहे, व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तसबिरींची रांगही आहे. मुक्तीनंतर गोव्याने ही चित्रे जाळली नाहीत, हे मला आपल्या समाजाच्या समजूतदारपणाचे लक्षण वाटते. पण तिथे प्रत्येक वस्तूखाली पाटी आहे, भोवती इतिहास सांगणारी जागा आहे. पाईपचे तसे नसते. तो खिशातून फिरतो, वारशाने दुसऱ्याकडे जातो, कधी लिलावात विकला जातो, आणि पन्नास वर्षांनी तो ज्याच्या हाती पडेल त्याला कड्यावरचे नाव वाचून एवढेच कळेल की गोव्यातल्या एका कारागिराने एका पोर्तुगीज गव्हर्नरचा गौरव केला होता. नाव पेटीत असेल आणि पेटी हरवली, तर उरेल तो एक चांगला पाईप, आणि त्यात कुणाविषयीही खोटे विधान असणार नाही.

तारखेविषयी मी अधिक कडक आहे. 19 डिसेंबर हा आपला मुक्तिदिन आहे. जवानांची आणि हुतात्म्यांची आठवण त्या तारखेशी बांधलेली आहे. ज्या वस्तूत तंबाखू जाळायची आणि जी राख झटकण्यासाठी बुटाच्या टाचेवर आपटली जाते, तिच्यावर ही तारीख पाहून ज्यांची मने दुखावतील ती माणसे संकुचित आहेत असे मी म्हणणार नाही. मलाही ते आवडणार नाही. त्यातून तंबाखू ही गोव्यात निव्वळ चैनीची वस्तू कधीच नव्हती. ती पोर्तुगीज जहाजांतून या किनाऱ्यावर आली, ब्राझीलमधल्या बाहियाची तंबाखू इथे विकण्याचा मक्ता सरकारने आपल्या हाती ठेवला आणि त्या मक्त्याचा पैसा त्याच सत्तेच्या तिजोरीत गेला. पेटीतल्या मजकुरात, वाक्याच्या ओघात, तारीख खुशाल येऊ द्या. तिथे ती एका घटनेची तारीख म्हणून वाचली जाईल.

पेटी मात्र मनापासून करा. शिवण किंवा फणसाचे लाकूड घ्या, किंवा गोव्याचा राज्यवृक्ष असलेल्या माट्टीचे जुने, मुरलेले लाकूड सापडले तर फारच उत्तम. पत्रात आपण पाईपच्या तोंडाशी काजूच्या लाकडाची चकती बसवण्याचा विचार लिहिला आहे, तो सोडून द्या. काजू हे बिब्ब्याच्या कुळातले झाड आहे, त्याचा चीक त्वचेला पोळतो, आणि जी वस्तू तापते व ओठांजवळ येते तिथे असा धोका पत्करू नये. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पितळी पाटी बसवा. करंडकांवर नावे कोरून देणाऱ्या कोणत्याही दुकानात अशी पाटी दोन दिवसांत मिळते आणि तिच्यावर चार-पाच ओळी सहज बसतात. मजकूर मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये, दोन्ही भाषांत असू द्या, आणि पोर्तुगीज उत्तम जाणणाऱ्या एखाद्या वयस्क गोमंतकीयाकडून तो तपासून घ्या. दोन्ही मजकूर शब्दाशब्दाने जुळले पाहिजेत. गिऱ्हाइकाच्या भाषेत गोड आणि आपल्या भाषेत खरे, असे होऊ देऊ नका.

मजकुराचा माझा मसुदा असा आहे :

“लिस्बनहून आलेला अखेरपर्यंत लढून मरण्याचा आदेश न पाळता गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी 19 डिसेंबर 1961 रोजी शरणागती पत्करली. त्या निर्णयामुळे जे सैनिक जिवंत घरी परतले, त्यांच्यापैकी एकाच्या मुलाने त्याची आठवण म्हणून हा पाईप घडवून घेतला. ज्या कारागिराने तो घडवला, त्याचे काका गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी याच गव्हर्नरच्या कारकिर्दीत आग्वादच्या तुरुंगात होते.”

यात कोणाचीही स्तुती नाही आणि निंदाही नाही. आपण स्वतः अर्पण करावे असा आपला आग्रह होता, परंतु मसुद्यात ती आठवण मी गिऱ्हाइकाच्या नावाने ठेवली आहे, आणि ते जाणीवपूर्वक केले आहे. त्या निर्णयाचे ऋण त्याच्या घरावर आहे. आपल्या घरावर दुसऱ्या कोणाचे तरी ऋण आहे आणि तो माणूस अजून आपल्यात आहे. पणजी बेचिराख झाली नाही याचे समाधान आपल्याला वाटते, ते योग्यच आहे. ते मनात ठेवून पाईप घडवा, हाताला ते कळेल. पण आपल्या स्वतःच्या नावाने एखादा पाईप किंवा पेटी कुणाला अर्पण करायची असेल, तर पहिला मान काकांचा. ते तंबाखू ओढत नसतील तर पानसुपारीचा डबा करा, चष्म्याचे घर करा.

तिसरे वाक्य काकांच्या संमतीशिवाय कोरू नका. त्यांचा तुरुंगवास त्यांच्या मालकीचा आहे आणि तो परक्या माणसाच्या पेटीत असावा की नाही हे त्यांनीच ठरवायचे. ते नको म्हणाले तर ते वाक्य गाळा आणि त्याच्या जागी दुसरे काही भरू नका. पहिली दोन वाक्ये स्वतःच्या बळावर उभी राहतात. ते हो म्हणाले, आणि मला आशा आहे की ते म्हणतील, तर त्यांना वाक्यात जो बदल हवा असेल तो करू द्या. तुरुंगाचे ठिकाण, साल, आपल्या एखाद्या सोबत्याचा उल्लेख, जे ते सांगतील ते.

त्यांच्याशी बोलायला भावाला मध्ये घेऊ नका. ही बातमी आधीच एकदा अर्धवट पोहोचली आहे. संध्याकाळी ते निवांत असतील तेव्हा एकटे जाऊन बसा, ब्रायरचा ठोकळा सोबत न्या आणि आधी त्या सैनिकाची गोष्ट सांगा. गव्हर्नरचे नाव नंतर येऊ द्या. फोंड्याच्या छावणीतली ती पोरे वीस-बावीस वर्षांची होती, तितक्याच वयात काका कोठडीत होते. दोघांनाही सालाझारच्या एकाच राजवटीने खर्चून टाकण्याजोगे मानले होते. हे वाक्य आपण मात्र बोलू नका, कारण ते काकांना शिकवल्यासारखे होईल. त्यांना ते दिसले तर ते स्वतःच बोलतील. त्यांनी जुन्या गोष्टी काढल्या तर घाई करू नका आणि पाईपच्या विषयावर त्यांना ओढून आणू नका. एका बैठकीत संमती मिळवायचीच असा हेतू मनात असेल, तर त्या दिवशी जाऊच नका.

लोकोत्सवात पाईप मांडण्याविषयी थोडक्यात सांगते. पाईप म्हणजे तंबाखू नव्हे, त्यामुळे कारागिरी म्हणून त्याचे प्रदर्शन करता येईल. तरी तंबाखूजन्य पदार्थांविषयीच्या 2003 च्या केंद्रीय कायद्याने जाहिरातीला आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, आणि गोव्याने तर 1997 सालीच धूम्रपानाविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता. म्हणून दुकानात तंबाखूचे डबे, कंपन्यांची नावे किंवा पेटवून दाखवणे यांपैकी काहीही असू नये, आणि आधी आयोजकांना विचारून घ्यावे. हा विशिष्ट पाईप मात्र तिथे मांडू नका. गर्दीत उभ्याउभ्या दोन मिनिटांत कोणी पेटीतल्या तीन ओळी नीट वाचत नाही. एखादा माणूस भ्रमणध्वनीवर अर्धा फोटो काढील आणि संध्याकाळपर्यंत आपले नाव अशा वादात असेल जिथे आपले कारणही कुणी ऐकणार नाही आणि काकांचेही. त्याचा त्रास आपल्याहून काकांना जास्त होईल. या पाईपचा गिऱ्हाईक ठरलेला आहे, तो सरळ त्याच्या हाती द्या, आणि शक्य तर 19 डिसेंबरच्या आसपासचा दिवस टाळून द्या.

गिऱ्हाइकाला आजच पत्र लिहून मसुदा कळवा. कड्यावर नाव का नको, हे त्याला लाकडाच्या आणि मजकुराच्या अशा दोन्ही कारणांनी समजावून सांगा. ज्याच्या वडिलांना स्वतःच्याच देशात भित्रे ठरवले गेले, त्याला अपुऱ्या शब्दांनी होणारा अन्याय कळेल असे मला वाटते. तरीही त्याने केवळ नावाचाच आग्रह धरला, किंवा आग्वादचा उल्लेख नको म्हणून सांगितले, तर त्याचा ठोकळा आणि दिलेली आगाऊ रक्कम नम्र शब्दांत परत करा, आणि हे आपण काकांच्या भीतीने करत नसून स्वतःच्या मताने करत आहात, हेही त्याच पत्रात स्पष्ट लिहा.